लाल ठिपक्याचा गिलास

मले टीबी झाला, असं आमच्या घरी एकमतानं ठरलं. आमच्या घरात कूलरच्या स्पीडवर कधी एकमत झालं नाही, पण याच्यावर झालं. डॉक्टरचं मत वेगळं होतं म्हणा, पण त्याले कोण विचारते.

ठरवणारा माझा मुलगा प्रशिक. शाळेत विज्ञान शिकवते. मार्चमध्ये माझा खोकला थांबेना, तं त्यानं फोटो काढवला, मग सीटी स्कॅन, मग पाठीतून सुई घालून तुकडा. तुकड्याले तो म्हणे, "थोडं पाणी होतं बाबा, काढलं." मी म्हटलं, बरं. पंधरा एप्रिलले रिपोर्ट आला. तो त्यानं अलमारीत, त्याच्या आईच्या शालूखाली ठेवला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सांगतलं, "बाबा, टीबी आहे. सहा महिन्यांत ठणठणीत."

एक गोष्ट मात्र आमचे विज्ञानाचे सर विसरले. त्यांचा बाप, म्हणजे मी आनंदराव, सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या डार्करूममध्ये एकतीस वर्षं फिल्म धुवत होता. अख्ख्या विदर्भाची फुफ्फुसं माझ्या हातून ओली होऊन निघाली आहेत. मी डॉक्टर नाही, हे मले माहीत आहे. पण टीबीचा डाग कसा आणि दुसरा डाग कसा, हे नवीन डॉक्टर पोट्टे दाराशी येऊन हळूच मलेच विचारत. माझं स्वतःचं फुफ्फुस स्क्रीनवर लागलं तेव्हा मी मागं शर्टाच्या गुंड्या लावत उभा होतो. उजवीकडं, वर, लिंबाएवढं, काठ फाटलेले. मी शेवटची गुंडी लावली आणि बाहेर आलो. शालूखालचा रिपोर्टही, सीटीच्या कागदासकट, तिसऱ्या दिवशी वाचला आणि जशी घडी होती तशी ठेवून दिला.

मग प्रशिकनं गोळ्या आणल्या. डबीवरचं नाव ब्लेडनं खरडलेलं, जसं काही मी पोलिसात होतो. टीबीची गोळी पोटात गेली की लघवी नारिंगी होते, हे वार्डातल्या झाडूवाल्या बाईलेही माहीत राहते. मी रोज सकाळी पाहून घेत होतो. काटोलच्या संत्र्याचा हंगाम काही आमच्या बाथरूमात आला नाही. रक्तवाढीची गोळी होती ती. भूक मात्र झक्कास लागे.

तुम्ही म्हणाल, मग बोलले काहून नाही?

त्याचं कारण इंदू. इंदूबाई, माझी बायको, लग्नाले त्रेचाळीस वर्षं झाली. तुकडा काढायले नेलं तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. टीबी म्हटल्यावर ती ओट्याशी मटकन खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "टीबीच आहे ना? मंग काही नाही." तिच्या भावाले टीबी झालता, तो आज जरीपटक्यात ऑटो चालवून राहिला आणि दोन माणसांचं जेवते. तिनं त्याच दिवशी स्वयंपाकघरात कॅलेंडर लावलं. गोळी दिली की टिक. पंधरा एप्रिल ते पंधरा ऑक्टोबर. "बरोबर दीक्षेच्या दिवसांत सुटता तुम्ही," ती म्हणाली. "यंदा दीक्षाभूमीवर घरून चालत जाऊ." बायकोले इतका आनंद देणारा टीबी मी कोणत्या तोंडानं हिसकावून घेऊ?

आणि खरं सांगतो, मलेही भेव वाटे. जोवर घरात तो शब्द कोणी बोलत नव्हतं, तोवर मी सकाळी टीबीवाला म्हणून उठत होतो. टीबीवाला होणं फार सोपं होतं. म्हणून मीही खोकलताना हातरुमाल धरायचो, टीबीवाल्यासारखा. घरात चांगलं नाटक करणारा प्रशिक एकटाच नव्हता.

पण टीबी आला म्हणजे त्याचं सामानही आलं. आमची नात दीप्ती सहा वर्षांची, सतत माझ्या मांडीवर. इंदूनं तिले दूर केलं. मग माझा पलंग समोरच्या खोलीत आला आणि इंदू आत दीप्तीजवळ झोपू लागली. कूलर आतच राहिला, तो टीबीवाल्याच्या वाट्याले येत नाही. आणि एक दिवस इंदूनं सुनेकडून, सरिताकडून, नखाले लावायचा लाल रंग मागून घेतला आणि माझ्या गिलासाच्या, ताटाच्या, कपाच्या बुडाशी एकेक ठिपका लावला. म्हणजे चुकून कोणी वापरू नये. सरिता आणि प्रशिक दोघंही तिथंच उभे होते. टीबी खोटा आहे हे दोघांले माहीत. पण "आई, ठिपका लावू नको" म्हटलं तं टीबी पुसला गेला असता. म्हणून विज्ञानाचे सर बघत राहिले आणि सून म्हणाली, "आई, जरा वाळू द्या."

आता ठिपका म्हणजे काय, हे आमच्या घराबाहेरच्याले सांगावं लागेल. माझा बाप काटोलकडच्या एका खेड्यातला. तिथल्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर कोनाड्यात राहत असे. चहा वरून ओतणार, आपण पेऊन आपणच धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. छप्पन साली बाप नागपुरात येऊन दीक्षा घेऊन गेला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यानं बाहेर कुठं चहा घेतला नाही, जिथं सगळ्यांचे कप सारखे नव्हते तिथं तं पाणीही नाही. इंदू लग्न होऊन आली तेव्हा त्यानं सुनेले एकच नियम सांगतला, या घरात कोणाची कपबशी वेगळी राहणार नाही, पाहुण्याची नाही, कामवालीची नाही, कोणाचीच नाही. इंदूनं तो त्रेचाळीस वर्षं पाळला. आणि तिनंच मले ठिपका लावला. दीप्तीसाठी लावला. दवाखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाले हेही माहीत आहे की टीबी कपानं लागत नाही. हे तिले सांगता आलं असतं. मी म्हटलं, "रंग चांगला आहे." मले वाटलं, मी फार मोठ्या मनाचा माणूस आहे.

असा दीड महिना गेला. मेच्या शेवटी प्रशिक एकदम खुशीत आला. "बाबा, टीबीचं एक नवीन औषध आलं आहे, परदेशातलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याचा अभ्यास चालू आहे. आपला नंबर लागून राहिला." त्याच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी खरं होतं. मी समजलो. तुकडा दुसऱ्या तपासणीले बाहेरगावी गेलता, त्याचा रिपोर्ट आला असेल आणि त्यात या औषधाशी जुळणारं काही निघालं असेल. पुढचं त्यानं सरिताले स्वयंपाकघरात सांगतलं आणि मी समोरच्या खोलीतून ऐकलं, कारण वेगळं झोपवलं तरी कान वेगळे होत नाहीत. नागपूरच्या वाट्याची एकच जागा उरली होती आणि शुक्रवारी नावं घेणं बंद होणार होतं. ते नाही तं मग नेहमीचं औषध, आणि त्याच्यावर डॉक्टरले फार भरोसा नव्हता.

मले जगायचं होतं. हे सांगायले लाज वाटायचं काही कारण नाही. दीप्ती वाचायले शिकून राहिली होती, ती दुकानांच्या पाट्या वाचे, आणि मले पुढच्या पाट्या ऐकायच्या होत्या.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. मी, प्रशिक आणि इंदू. इंदूच्या पिशवीत माझा ठिपक्याचा गिलास, पाण्याची बाटली आणि गुंडाळलेलं कॅलेंडर. पुरावा म्हणून आणलं होतं तिनं. तिथं मेघा नावाची एक मुलगी बसली होती, ट्रायलचं सगळं तीच पाहणारी, नागपुरातल्याच नंदनवनची, बोलायले मोकळी. तिनं माझ्यापुढं चोवीस पानं ठेवली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "सदर अभ्यासात आपण स्वेच्छेने सहभागी होत असून आपणांस कोणत्याही क्षणी सहभाग संपुष्टात आणता येईल."

"हे कोण बोलते वं असं?" मी विचारलं.

"कोणीच नाही काका," ती म्हणाली. "पण सही याच्यावरच करा लागते. आधी मी वाचून समजावते, मग कॅमेऱ्यासमोर तुम्हाले विचारते, मग सही. त्याच्याआधी फक्त थोडी माहिती सांगा. आणखी काही आजार? बीपी, शुगर?"

माझ्या तब्येतीबद्दल विचारलं की उत्तर इंदू देते, हा आमच्या घरचा कायदा आहे. "शुगर नाही, बीपी नाही," इंदू म्हणाली. "टीबी तेवढा. औषध चालू आहे, एक दिवस चुकलं नाही." आणि तिनं कॅलेंडर उलगडून टेबलावर ठेवलं. बेचाळीस टिका होत्या, सगळ्या एकाच हातच्या.

मेघाचा पेन थांबला. "टीबीचं औषध चालू आहे? काकू, मग काका यात बसत नाही. चालू टीबीवाल्याले घेताच येत नाही, नियम आहे."

इंदूनं तिच्याकडं असं पाहिलं की मले त्या मुलीची दया आली. "बाई, टीबीच्या औषधाचा अभ्यास आहे, आणि त्यात टीबीवाला बसत नाही, तं बसते कोण?"

मेघानं प्रशिककडं पाहिलं. प्रशिक कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनकडं पाहून राहिला होता, जसं काही ते मशीन उत्तर देईल. दीड महिना मोठ्या अकलेनं पोसलेला त्याचा टीबी असा दातओठ खाऊन बापाच्या औषधावरच धावून आला. मग तो तिले बाहेर घेऊन गेला. काचेच्या दरवाजातून मले त्याचे हात दिसत होते, खूप वर्षांनी इतके हलणारे. परत आले तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

मेघा खुर्चीवर बसली. तिचा आवाज बदलला होता. "काका, दादा म्हणतात टीबी नाही. काकू म्हणतात आहे. मी कोणाचंच लिहू शकत नाही. थुंकी आणि रक्त तपासून घेऊ, ते उद्यापर्यंत येईल. पण तुम्हाला काय आजार आहे, हे तुमचं तुम्हाला माहीत नसेल तर मी तुम्हाला यात घेऊ शकत नाही. कॅमेऱ्यासमोर तुम्हीच सांगायचं आहे. दादांनी नाही, काकूंनी नाही."

प्रशिक म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं द्या." त्याले पाच मिनिटं दिली असती तं त्यानं तिसरा एखादा आजार काढला असता.

"लाव वं कॅमेरा," मी म्हटलं.

लाल दिवा लागला आणि मेघा एकदम त्या चोवीस पानांसारखी बोलू लागली. "आपले नाव सांगा. आपणांस कोणता आजार आहे, हे आपल्या शब्दांत सांगा."

मी इंदूकडं पाहिलं. तिनं कॅलेंडरवर हात ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मले वाटलं, उठावं, घरी जावं, नेहमीचं औषध घ्यावं आणि तिले ऑक्टोबरपर्यंत टिका करू द्याव्या. पण ऑक्टोबर आल्यावर काय सांगणार होतो?

"मी आनंदराव," मी म्हटलं. "मले टीबी नाही. कधीच नव्हता. मले फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. उजवीकडं, वर. मणक्यापर्यंत गेला आहे. चौथी स्टेज."

मग प्रशिकच रडू लागला. "बाबा, मले वाटलं, टीबी म्हटलं तं तुम्ही घाबरणार नाही..." त्याच्यावर मले रागही येत नव्हता. बापाले जो आजार बरा होते तोच त्यानं निवडून दिलता.

इंदू रडली नाही. तिनं विचारलं, "गोळ्या कायच्या होत्या?"

"रक्तवाढीच्या," प्रशिक म्हणाला.

तिनं कॅलेंडर गुंडाळलं, रबर लावलं आणि मेघाकडं वळली. "बाई, हा कॅन्सर एकाचा दुसऱ्याले लागते का?"

"नाही काकू."

"उष्ट्या गिलासानं?"

"नाही."

"जवळ झोपल्यानं? लेकरू मांडीवर घेतल्यानं?"

"नाही काकू, कशानंच नाही."

मग ती माझ्याकडं वळली. प्रशिककडं नाही, माझ्याकडं. "तुम्हाले माहीत होतं."

"हाव."

"पहिल्या दिवसापासून."

"हाव."

"मी गिलासाले ठिपका लावून राहिली होती, तेव्हाही?"

मी मान डोलावली.

"मामंजींनी मले एक नियम सांगतला होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तं बरं झालं असतं. "तो तुम्ही माझ्या हातानं मोडला. रोज त्या ठिपक्यातून पेत राहिले, आणि एक शब्द बोलले नाही."

"तुझ्यासाठीच केलं इंदू."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी मलेच बाजूले झोपवलं?"

एकतीस वर्षं अंधारात काम केलेल्या माणसाले एवढं दिसायले पाहिजे होतं. मले वाटलं होतं मी तिले वाचवून राहिलो. मी तिच्याकडून दीड महिना काढून घेतला होता, आणि माझ्याजवळ महिने फार नव्हते.

मेघानं डोळे पुसले, घसा साफ केला आणि पुढं वाचू लागली, कारण लाल दिवा चालूच होता. तिनं समजावलं की सगळ्यांले नेहमीचं औषध मिळणारच. त्याच्यासोबत अर्ध्या लोकांले नवीन गोळी आणि अर्ध्यांले तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. "आपणांस कोणती गोळी मिळत आहे, हे आपणांस, आपल्या कुटुंबीयांस वा डॉक्टरांस माहीत नसेल. यास आपली हरकत आहे का?"

"बाई, हे तं आमच्या घरी दीड महिन्यापासून चालू आहे," मी म्हटलं. "मी आधीच खोट्या गोळीवाला होतो. फक्त आमच्याकडं चोवीस पानं नव्हती."

मेघाले हसू आलं आणि तिनं ते कॅमेऱ्यासाठी दाबलं. इंदू हसली नाही. "सहभागी होण्यासाठी आपणांवर कोणाचा दबाव आहे का?" मेघानं विचारलं.

"आहे," इंदू म्हणाली. "माझा. लिहा."

"काकू, तसं लिहिता येत नाही."

"दबाव नाही," मी म्हटलं. "मी स्वेच्छेने सहभागी होत आहे." जन्मात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला, आणि खरा होता. मी सही केली. प्रशिकनं केली. इंदूनं पूर्ण नाव लिहिलं, तब्येतीनं, शाळेतल्यासारखं.

टीबीचा रिपोर्ट शुक्रवारी दुपारी साफ आला आणि जागा मले मिळाली. पण ते दुसऱ्या दिवसाचं. गुरुवारी आम्ही कारमधून घरी येत होतो तेव्हा काहीच नक्की नव्हतं. प्रशिक चालवत होता, मी पुढं, इंदू मागं. मागून बारीक खर्र खर्र आवाज येत होता. आरशात पाहिलं, तं गिलास तिच्या मांडीवर आणि ती अंगठ्याच्या नखानं ठिपका खरडून राहिली होती. सदर बाजारातून, पुलावरून, अख्ख्या रस्त्यानं. सरिताचा रंग पक्का होता. आम्ही जरीपटक्याच्या मागं आमच्या गल्लीत वळलो तेव्हाही बुडाशी थोडा लाल उरलाच होता.

घरी आल्यावर तिनं पलंग प्रशिकले उचलायले लावला. "आत, कूलरजवळ," एवढंच म्हणाली. दीप्ती दारात उभी राहून पाहत होती, तिले इंदूनं बोटाले धरून आणलं आणि माझ्या मांडीवर बसवलं. मग माठातून त्या गिलासात पाणी घेतलं, तोंड लावून अर्धं स्वतः पेली आणि उरलेलं मले दिलं. मी पेलो. मले डॉक्टरनं सांगतलं आहे, औषध लागू पडलं तं दीड-दोन वर्षं, कधी जास्त, नाही पडलं तं त्याहून कमी. माझी गोळी कोणती, हे मले आजही माहीत नाही.

"ऑक्टोबरचं काय?" मी विचारलं.

"जाऊ," इंदू म्हणाली. "पायी जमलं नाही तं भावाचा ऑटो आहे."